माळ्यावरचे हाय-फाय आणि ते बनवणारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडा पाडायला निघाला किंवा फ्लॅट रिकामा करायची वेळ आली की माळ्यावरून एक जड पेटी खाली येते. पुढं अॅल्युमिनियमची पट्टी, चार-पाच नॉब, आणि कधीच न ऐकलेलं नाव. मग घरातले विचारतात : हे कुणी बनवलं, चालेल का, ठेवावं की द्यावं? गेली काही वर्षं मी अशा यंत्रांची आणि ती बनवणाऱ्या अल्पायुषी कंपन्यांची एक नोंदवही ठेवते आहे. त्या निमित्तानं लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

हाय-फाय म्हणजे नेमकं काय? आणि अल्पायुषी कंपनी कोणती?

हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी, मूळ आवाजाशी प्रामाणिक असलेला आवाज. जर्मनीत १९६० च्या दशकात यासाठी डीआयएन ४५५०० नावाचं मानक आलं. अँप्लिफायरनं किमान ४० ते १६,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर सारख्या ताकदीनं दिले पाहिजेत, अशा अटी त्यात होत्या. आपल्याकडे मात्र व्याख्या घरगुती होती. रेडिओग्राममध्ये सगळं एकाच कपाटात असायचं. हाय-फाय म्हणजे तबकडीचं यंत्र वेगळं, अँप्लिफायर वेगळा, कॅसेट वाजवणारा डेक वेगळा आणि दोन स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत.

जिनं स्वतःच्या नावानं हाय-फाय बनवलं आणि साधारण वीस वर्षांच्या आत ते काम थांबवलं, तिला मी अल्पायुषी धरते. त्यामुळे कोलकात्याची सोनोडाइन माझ्या वहीत नाही. ती १९७० मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. अहुजाही नाही, कारण त्यांचं मुख्य काम सभा-समारंभांच्या ध्वनिक्षेपकांचं. ठाण्याची मर्फी, बुश, टाटांची नेल्को या मुळात रेडिओच्या कंपन्या. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला काळजी आहे ती ज्यांच्याबद्दल कुणीच लिहिणार नाही त्यांची : पंधरा-वीस माणसांचे, कधी पाच माणसांचे कारखाने.

तुमचा या विषयाशी संबंध कसा आला?

माझे बाबा अशाच एका कारखान्यात ट्रान्स्फॉर्मर गुंडाळायचे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्या, एवढाच तो कारखाना. कारखान्याचं नाव इथं देत नाही, कारण मालकांच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे.

शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. वाइंडिंगच्या मशीनला उजव्या हातानं फिरवायचा दांडा होता आणि पुढं फेऱ्या मोजणारा आकड्यांचा डबा. बाबा डाव्या हाताच्या दोन बोटांत तांब्याची तार धरून ठेवत. तार इनॅमलची, केसापेक्षा थोडी जाड. एक थर संपला की कागद, कागदावर पुढचा थर. मध्येच कुणी हाक मारली तर ते उत्तर देत नसत, कारण डब्यावर विश्वास ठेवला तरी ते मनातल्या मनात मोजतच असत. गुंडाळलेलं कॉइल गरम व्हार्निशमध्ये बुडवायचं आणि रात्रभर टांगून ठेवायचं. तो वास बाबांच्या सदऱ्याला रविवारीसुद्धा यायचा.

कारखाना बंद झाला तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर बाबांनी व्होल्टेज स्टॅबिलायझरचे ट्रान्स्फॉर्मर गुंडाळले, आणि तेही चांगलेच गुंडाळले. पण घरी पाहुणे आले की ते अँप्लिफायरबद्दलच बोलत.

पुण्यात खरंच असे कारखाने होते का? ही तर मुंबईची गोष्ट वाटते.

सुट्या भागांचा मोठा बाजार मुंबईचा, लॅमिंग्टन रोडचा, यात वाद नाही. पण जोडणारे हात पुण्यातही होते, आणि त्याला कारणं आहेत. इथं लष्कराच्या संस्था आणि खडकीचे कारखाने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली माणसं. अभियांत्रिकी महाविद्यालय एकोणिसाव्या शतकापासूनचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आलं, आणि तिथं ध्वनिमुद्रण शिकलेल्या मुलांचा कान तयार होता. त्यावर या गावाचं शास्त्रीय संगीताचं वेड. तानपुऱ्याची जवारी स्पीकरमधून नीट ऐकू येते की नाही, यावर तासभर वाद घालणारं गिऱ्हाईक इथं मिळायचं.

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आजही विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची गल्ली म्हणून ओळखली जाते. पासोड्या विठोबापासून आत शिरलं की नळीसारख्या अरुंद दुकानांतून रजिस्टन्स, कंडेन्सर, सॉकेट, पट्ट्या मिळायच्या. पेठेतला माणूस सायकलवर जाऊन दिवसाचं सामान आणायचा आणि संध्याकाळी अँप्लिफायर उभा करायचा. यातले बरेच जण कंपनी म्हणून कुठं नोंदलेलेही नव्हते.

नंतरच्या काळात पुण्यानं अगदी वरच्या दर्जाचंही काम केलं. कॅडन्स या पुण्याच्या कंपनीनं इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल आणि साधा वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा स्पीकर, यांची जोड असलेले स्पीकर आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, अँप्लिफायर बनवले आणि ते परदेशात नेले. इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणजे अतिशय पातळ पडदा, त्यावर हजारो व्होल्टचा भार, आणि दोन जाळ्यांच्या मध्ये तो पडदा हलून आवाज होतो. हे पुण्यात बनत होतं हे पुष्कळ पुणेकरांनाच ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या काळात सुटे भाग यायचे कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्या अँप्लिफायरचं अर्धं चरित्र त्याच्या भागांत असतं.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर बऱ्याचदा बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बीईएलचे. ही सरकारी कंपनी १९५४ ची, मुळात संरक्षण खात्यासाठी. पण तिचे एसी १२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर देशभरातल्या रेडिओत आणि छोट्या अँप्लिफायरांत बसले. मोठ्या ताकदीसाठी २एन३०५५, धातूच्या टोपीचा, बदामाच्या आकाराचा आणि दोन स्क्रूंनी हीटसिंकवर आवळलेला. जुन्या मेकॅनिकच्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘पंचावन्न’. ऐंशीच्या दशकात आयसी आले, म्हणजे अख्खं सर्किट एका तुकड्यात. बीईएलचा सीए ८१० त्या काळच्या असंख्य कॅसेट प्लेअरमध्ये सापडतो. पुढं सान्योचा एलए ४४४० आणि एसटीके मालिका आली. एसटीकेमध्ये सगळा पॉवर अँप्लिफायर एका काळ्या वडीत भरलेला असे. ही वडी आली आणि सर्किट जुळवणाऱ्या माणसाचं महत्त्व कमी झालं, असं बाबा म्हणत. ते मला पटतं.

तबकडीचं यंत्र बहुधा गॅरार्डचं चेंजर, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारं. मागची सॉकेट पाच पिनांची डीआयएन, स्पीकरची दोन पिनांची, एक पिन गोल आणि एक चपटी. आज तुम्ही केबल विकत आणायला जाता आणि ती बसत नाही, त्याचं कारण हेच. कॅबिनेट मात्र शंभर टक्के गावातलं. प्लायवूडवर सागवानी विनियर, आणि कडेला सुताराच्या हाताचं पॉलिश.

या कंपन्या बंद का पडल्या? माल वाईट होता म्हणून?

नाही. काहींचा माल वाईट होता, पण वाईट माल बनवणारे पुष्कळ जण टिकलेही.

आयातीवर कडक निर्बंध होते, म्हणून स्थानिक कारखान्यांना बाजार मिळाला. पण त्याच निर्बंधांमुळे चांगला कार्ट्रिज (तबकडीवरची सुई धरणारा भाग), चांगलं टेप हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग), एकसारखे जुळलेले ट्रान्झिस्टर मिळेनात. ज्या भिंतीनं त्यांना आडोसा दिला, तिनंच त्यांचा उजेडही अडवला. त्यातून मुंबईत चोरट्या मार्गानं येणारा ‘फॉरेनचा माल’ आणि आखातातून परतणाऱ्यांच्या हातातले जपानी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र. गिऱ्हाईक तुलना करायचं ती त्यांच्याशी.

दुसरं कारण भांडवल. वीस अँप्लिफायर बनवायचे तर वीस अँप्लिफायरचं सामान आधी रोखीनं घ्यावं लागायचं, आणि दुकानदार पैसे द्यायचा दिवाळी झाल्यावर. बाबांच्या कारखान्यात शेवटच्या वर्षी ऑर्डर होत्या. तार घ्यायला पैसे नव्हते.

तिसरं कारण टीव्ही. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं, आणि घरातली मोठी खरेदी म्हणजे टीव्ही हे ठरून गेलं. जिथं स्पीकर उभे असायचे त्या कोपऱ्यात टीव्हीचं स्टँड आलं. कित्येक कारखाने स्वतःच टीव्ही जोडायला किंवा स्टॅबिलायझर बनवायला लागले. म्हणून ‘बंद पडली’ हा शब्द मी जपून वापरते. माणसं तीच, टेबलं तीच. फक्त त्यांनी अँप्लिफायर बनवणं सोडलं.

आणि मग १९९१. आयात हळूहळू खुली झाली, सीडी आली, जपानी आणि कोरियन म्युझिक सिस्टिम दुकानात रांगेनं लागल्या. चार सुटे डबे घेऊन ते वायरींनी जोडण्यापेक्षा लोकांना एकच चकचकीत पेटी हवी होती. कॉस्मिकसारखी नावं एके काळी घराघरांत माहीत होती. आज तिशीतल्या माणसाला ती सांगून पाहा.

परदेशातल्या कंपन्याही अशाच गेल्या का?

हो, आणि त्यांच्या कथा वाचल्या की आपल्या लोकांबद्दलचा कमीपणा जातो. तिथं भांडवल होतं, सुटे भाग होते, बाजार होता, तरी माणसं बुडाली.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या सिंक्लेअर रेडिओनिक्सनं १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा अँप्लिफायर किटच्या, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या, रूपात विकायला काढला. तो क्लास-डी होता, म्हणजे आवाजाचे स्पंद करून ट्रान्झिस्टर नुसते चालू-बंद करायचे. आज तुमच्या मोबाइलच्या आणि ब्लूटूथ स्पीकरच्या आत बहुतेक हेच तंत्र असतं. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर तेवढ्या वेगानं चालू-बंद होत नसत. ताकद जाहिरातीपेक्षा कमी निघाली आणि शेजारच्या रेडिओत खरखर व्हायची. कल्पना बरोबर होती. तिला पेलणारा ट्रान्झिस्टर तेव्हा जगात नव्हता.

लेक्सन ही १९७० च्या दशकातली इंग्लिश कंपनी. अॅलन बूथरॉइड यांनी रूप दिलं, बॉब स्टुअर्ट यांनी सर्किट. त्यांचा एपी१ पॉवर अँप्लिफायर म्हणजे काळा, पंख्यांच्या पात्यांसारख्या कडा असलेला उभा दंडगोल. दिसायला आजही पुढचाच वाटतो. कंपनी थोडकी वर्षं चालली, पण त्याच दोघांनी १९७७ मध्ये मेरिडियन सुरू केली आणि ती टिकली. आपल्याकडच्या कारखान्यांना अशी दुसरी संधी क्वचित मिळाली, हे मला फार खटकतं.

अमेरिकेतल्या डायनॅकोचं वेगळं. डेव्हिड हाफलर यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा एसटी-७० हा अँप्लिफायर १९५९ चा, दर चॅनेलला ३५ वॉट. तो किट म्हणून मिळायचा आणि हजारो लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतः जोडला. कंपनी १९८० मध्ये संपली. पण तिचा आराखडा इतका साधा आणि उघडा होता की लोक आजही एसटी-७० बांधतात.

हेन्री क्लॉस यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अॅडव्हेंटनं सामान्य घराला परवडतील असे स्पीकर आणि डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करणारी सोय, असलेला पहिल्या पिढीतला चांगला कॅसेट डेक दिला. कॅसेट ही नुसती बोलणं टिपायची वस्तू नाही, तिच्यावर संगीत ऐकता येतं, हे लोकांना पटवण्यात त्या डेकचा मोठा वाटा आहे. पण क्लॉस यांचा जीव मोठ्या पडद्याच्या टीव्हीत अडकला आणि कंपनीचा पैसाही तिकडे गेला.

बेलफास्टमध्ये तर सरकारनंच रोजगारासाठी स्ट्रॅथअर्न ऑडिओ काढली. डायरेक्ट ड्राइव्हचं तबकडीयंत्र, पातळ फितीचे स्पीकर, सगळं महत्त्वाकांक्षी. काही वर्षांतच आटोपलं. अमेरिकेतल्या हिल प्लाझ्माट्रॉनिक्सच्या स्पीकरमध्ये वरच्या स्वरांसाठी पडदाच नव्हता. हेलियम वायूच्या पेटत्या प्लाझ्मातून आवाज निघायचा, आणि घरात हेलियमचं सिलिंडर ठेवावं लागायचं.

मोठ्या कंपन्यांचंही हेच. सोनी, पॅनासॉनिक आणि टिअॅक यांनी १९७६ मध्ये एलकॅसेट काढली. पाव इंच रुंद फीत, साध्या कॅसेटच्या दुप्पट वेग. आवाज खरोखर चांगला. पण तोपर्यंत साधी कॅसेटच पुरेशी सुधारली होती, आणि १९८० पर्यंत एलकॅसेट गेली.

अँप्लिफायरवर नाव नाही किंवा पुसलं आहे. तो कधीचा, कुणाचा, कसं ओळखायचं?

प्लग काढा, मागची पट्टी किंवा तळाचा कागद वाचा, आणि पत्ता सापडला तर तिथूनच सुरुवात करा. पत्त्यात ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ३०’ असं जुन्या पद्धतीचं असेल तर लेबल बहुधा १९७२ च्या आधीचं किंवा त्या सुमाराचं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे ४११ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असेल तर नक्की त्यानंतरचं. लेबलांचा जुना गठ्ठा संपेपर्यंत लोक वापरत, हे मात्र ध्यानात ठेवा. टेलिफोन नंबरातले आकडे मोजा. जितके कमी तितकं यंत्र जुनं. आठ आकडे आणि सुरुवातीला २ असेल तर ते या शतकातलं.

मग आत बघा. ट्रान्स्फॉर्मरवर कधी कधी पेन्सिलीनं तारीख किंवा सही असते. कंडेन्सरच्या अंगावर महिना-वर्ष छापलेलं असतं. पाच-सहा कंडेन्सरवरची सगळ्यात उशिराची तारीख घ्या, यंत्र त्यानंतरचं. पण एखादाच फार वेगळा दिसला तर तो दुरुस्तीत बदललेला असणार.

त्यात रेडिओही असेल तर घरातली जुनी कागदपत्रं चाळा. रेडिओसाठी पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागायचे, आणि त्याचं पुस्तक पुष्कळांनी जपून ठेवलेलं असतं.

वीस-तीस वर्षं बंद असलेलं यंत्र लावून बघू का?

कृपा करून नको.

मी हे स्वतः केलं आहे म्हणून सांगते. बाबा गेल्यावर त्यांच्या कारखान्यातला एकच अँप्लिफायर आमच्याकडे उरला होता. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी तो पुसला आणि सरळ प्लगमध्ये खुपसला. दहा-बारा सेकंद बारीक हमिंग आलं, मग फटाका फुटावा तसा आवाज आणि खोलीभर आंबूस वास. मोठा फिल्टर कंडेन्सर फुटला होता. तेवढ्यानं भागलं असतं, पण त्याबरोबर मेन ट्रान्स्फॉर्मरही जळला. बाबांच्या हातच्या त्या फेऱ्या. तो ट्रान्स्फॉर्मर मी दुसऱ्याकडून गुंडाळून घेतला आणि यंत्र आज चालतं. जुनं, काळं पडलेलं कॉइल मी टाकलेलं नाही.

कारण असं, की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं आतून बिघडतो. यंत्र एकदम २३० व्होल्टला जोडलं की तो शॉर्ट होतो. जाणकार मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावतो. शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

आणि व्हॉल्व्हचं यंत्र असेल तर स्वतः उघडून हात घालू नका. आत तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात.

दुरुस्त होईल ना?

अँप्लिफायर जवळपास नेहमी होतो. २एन३०५५ आजही मिळतो. नॉब फिरवताना खरखरतो, ते कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीमुळे, साफ होतं. स्पीकरच्या कडेचा फोम झडला असेल तर तो नवा चिकटवणारे कारागीर आहेत. डेकचं अवघड. रबराचा बेल्ट विरघळून डांबरासारखा होतो, तो स्पिरिटनं पुसून नवा घालता येतो, पण झिजलेलं हेड मिळणं कठीण. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. बंद पडलेला तसाच डेक मिळाला तर भागांसाठी घेऊन ठेवा.

मेकॅनिकला एवढंच सांगा, की काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्या.

आमच्या आजोबांच्या रेडिओग्रामच्या आत वाळलेला चिखल आहे. साफ करू का?

तुमचं घर नदीकाठच्या पेठांतलं असेल तर थांबा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि शहरातल्या पेठा पाण्यात गेल्या. भांडी, कपडे, पुस्तकं यांच्याबरोबर कित्येक घरांतले रेडिओ आणि फोनोही त्या पाण्यात होते. लोकांनी ते उन्हात वाळवले, काही पुन्हा सुरू केले.

मी असा एक रेडिओग्राम पाहिला आहे. बाहेरून पुन्हा पॉलिश केलेला, अगदी सुबक. मागची फळी काढली तर आतल्या लाकडावर साधारण वीतभर उंचीवर एक सरळ तपकिरी रेघ, चारही बाजूंनी एकाच पातळीत. त्या घरातल्या आजींनी ती रेघ पाहिली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चालू करायचा असेल तर चेसिसवरचा चिखल काढावाच लागेल. लाकडावरची रेघ ठेवा. निदान फोटो आधी काढा.

पेटीवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ लिहिलं आहे. एवढी ताकद खरंच असते का?

नसते. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, आदर्श परिस्थितीत, कागदावर काढलेला आकडा, आणि तो मोजायची ठरलेली पद्धतच नव्हती. नव्वदच्या दशकात असे आकडे सर्रास छापले गेले. बघायचं ते आरएमएस, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं ती ताकद. सत्तरच्या दशकातल्या आपल्या छोट्या कारखान्यांनी ‘१० वॉट’ लिहिलं तर ते बहुधा खरे दहा वॉट असायचे, आणि वाड्यातल्या खोलीला ते पुरेसे असत. या प्रामाणिकपणाचं त्यांना बाजारात नुकसानच झालं.

माझ्याकडे सान्सुई आहे. हा जपानीच ना?

वर्ष बघा. सान्सुई मूळची जपानी आणि तिचे सत्तरच्या दशकातले अँप्लिफायर नावाजलेले. पण नंतर भारतात हे नाव व्हिडिओकॉन समूहानं वापरलं. कंपनी जाते आणि नाव विकलं जातं, असं जगभर झालं आहे. मागच्या पट्टीवर कुठं बनवलं ते लिहिलेलं असतं.

विकला तर किती येतील?

मी भाव सांगत नाही. स्थानिक कारखान्याच्या यंत्राला बाजारात फारशी किंमत येत नाही, भंगारवाला तांब्याच्या वजनानं घेतो. म्हणूनच ती झपाट्यानं नाहीशी होत आहेत. द्यायचाच असेल तर आधी फोटो काढा, एवढं करा.

नोंदीसाठी काय काय लागतं?

समोरचा, मागचा आणि झाकण काढून आतला असे तीन फोटो, सपाट उजेडात. आतला सगळ्यात महत्त्वाचा. बिल, गॅरंटी कार्ड, सर्किटचा कागद असेल तर तो. यंत्र कुणी, कुठून, कशासाठी घेतलं, हे दोन ओळींत. ‘दादाच्या पहिल्या पगारातून’ एवढंसुद्धा चालेल. माणसांची नावं आणि पत्ते त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी कुठंच देत नाही. पण तिथं काम कुणी कुणी केलं, हे वहीत मात्र लिहून ठेवते. मालकाचं नाव निदान लेबलावर राहतं. गुंडाळणारे, डाग देणारे, पॉलिश करणारे कुठंच राहत नाहीत.

यंत्रं बनवणाऱ्यांपैकी अजून कुणी भेटतात का?

भेटतात, पण दरवर्षी कमी.

मागच्या वर्षी बाबांच्या कारखान्यात सोल्डरिंग करणाऱ्या एका मावशींकडे मी आमचा अँप्लिफायर घेऊन गेले होते. वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्याला दिसत नाही. त्यांनी यंत्र ओट्यावर उपडं करायला लावलं, तळाची पट्टी काढायला लावली आणि वायरींच्या जुडग्यावरून बोट फिरवलं. वायरी मेणाच्या दोऱ्यानं, दर दोन बोटांवर गाठ मारून बांधलेल्या आहेत. “ही गाठ माझी,” त्या म्हणाल्या. “आमच्यात दुसरी होती ती डावखुरी, तिची गाठ उलट पडायची.” मग व्हॉल्यूमकडे जाणाऱ्या एका वायरवर बोट थांबलं. बाकी सगळ्या यंत्रांत तिथं पिवळी वायर असते, आमच्या यंत्रात निळी आहे. मी आजवर समजत होते की ती पुढं कुणीतरी दुरुस्तीत बदलली. “नाही गं,” त्या म्हणाल्या, “त्या आठवड्यात पिवळी संपली होती. तुझ्या बाबांनीच तपकीर गल्लीतून निळी आणून दिली.”

वहीत त्या नोंदीपुढं मी ‘वायर बदललेली’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘वायर मूळची’ असं केलं आहे.